दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

नाणं बघायला दिवा कोणता घ्यावा, असं लोक मला अजून विचारतात. धुंधुरमास लागला की जास्तच. पोंगलच्या आधी घरं आवरायला निघतात, कुणाच्या तरी पेटीच्या तळाशी एखादी पुरचुंडी सापडते, आणि माझा फोन वाजतो. परवा भाचा आला होता. गिंडीला कारखान्यात असतो, हुशार आहे, पण घाई फार. म्हणाला, "मावशी, असला झकास दिवा आणलाय! बरोबर डोक्यावरून उजेड पडतो, कुठे सावली म्हणून नाही." म्हटलं, "मग डोळे मिटूनच बघ की रे! सावली नाही तर तुला दिसणार काय, माझं कपाळ?"

झिजलेल्या नाण्यावर जे काही उरलेलं असतं, ते सावलीच दाखवते. डोक्यावरून भगभगीत उजेड ओतला की नाणं नुसतं चकाकतं आणि गप्प बसतं. चाळीसचा बल्ब पुरतो, काच दुधी हवी, दिव्याला वाकणारी मान हवी, आणि उजेड तिरपा, जवळजवळ टेबलाला टेकून यायला हवा. हे सगळं मी भाच्याला सांगितलं. मग तो म्हणाला, "आणि ठेवायचा कुठे?" तेव्हा मात्र मी चहा करायला उठले. एका प्रश्नाला एवढं काय घाबरायचं? पण घाबरते. साठ वर्षं होऊन गेली, अजून घाबरते.

मार्गळीतलं, म्हणजे धुंधुरमासातलं, मद्रासचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. एरवी हे ऊन डोक्यात काठी घातल्यासारखं पडतं. या एका महिन्यात ते खाली उतरतं, दारातून आडवं आत येतं, जमिनीवर सांडलेला तांदळाचा दाणासुद्धा त्यात लांब सावली टाकतो. पहाटे गल्लीत बायका कोलम काढत असतात, पिठाच्या रेघेची उंची दिसते. त्या वर्षी आम्ही वेस्ट मांबळमला राहत होतो. आई, आत्या आणि मी. अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष व्हायचं होतं. घरात बोलायची ती आमची तंजावरी मराठी, जिला पुण्याचे लोक ऐकून हसतात आणि मग म्हणतात, "किती गोड हो!" नवे पैसे नुकतेच निघाले होते. बाजारात बायका आणे आणि नवे पैसे यांचा मेळ घालत भांडत असत, आणि मी, बावीस वर्षांची, जुन्या नाण्यांच्या नोकरीला लागले होते.

चेटपेटला एका मोठ्या घराण्याचा बंगला होता. घराण्याच्या कर्त्या पुरुषाला नाण्यांचं वेड. तो गेल्यावर मुलाने ट्रस्ट करून त्याचा संग्रह एका खोलीत ठेवला. त्या खोलीत आम्ही तिघं. वरदन सर, संग्रहाचे प्रमुख, स्वच्छ पांढरा कोट, आवाज कधी चढायचा नाही पण ऐकणाऱ्याचा जीव खालीवर. मी, तात्पुरती मदतनीस. आणि वेलू अण्णा.

वेलू अण्णा मूळ मालकांच्या वेळेपासूनचा. कपाटांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. नाण्यांचे ट्रे कपाटातून काढून टेबलावर आणायचे आणि संध्याकाळी परत ठेवायचे, हे त्याचं काम. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठलं नाणं कुठल्या खणात, हे अंधारात सांगायचा. पहिल्या दिवशी मी एक नाणं बोटांच्या चिमटीत धरलं तर धावत आला. "अम्मा, तोंडाला हात नाही लावायचा! कडेने धरायचं. बाळाच्या गालाला कुणी असा चिमटा काढतं का?" तो तमिळच बोलायचा, मी इथे माझ्या मराठीत सांगते आहे. बाविशीच्या मुलीलाही तो अम्माच म्हणायचा. मला त्याचा लळा लागला होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते किती वाईट होतं ते कळेल.

खोलीत उजेडाची बोंब होती. पूर्वी उत्तरेला मोठी खिडकी होती. मालक तिच्यासमोर बसून नाणी बघायचे आणि वहीत लिहायचे. पुढे चोरांच्या भीतीने खिडकीपुढे लोखंडी कपाट आणून उभं केलं. मला जुनी वही आणि नाणी एकेक ताडून नवी नोंद करायची होती. मी आठ दिवस डोळे फोडले, मग सरांकडे दिवा मागितला. त्यांनी मागवला. हिरव्या टोपीचा, मान वाकणारा, देखणा दिवा. माझं टेबल उत्तरेच्या भिंतीला लावलेलं, मी उत्तरेकडे तोंड करून बसायची. वेलू अण्णाने दिवा आणून सरळ टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवला, बटण दाबलं, आणि उजेड माझ्याकडे आला.

दिव्याचं तोंड दक्षिणेला होतं.

तुम्ही हसाल. हसा बापडे. आमच्याकडे दिव्याचं तोंड दक्षिणेला करत नाहीत. ती यमाची दिशा. वर्षातून एकदा, धनत्रयोदशीला, यमाच्या नावाने तसा दिवा लावतात, आणि माणूस गेलं की त्याच्या जागेवर. अप्पा गेले तेव्हा त्यांच्या जागेवर पिठाच्या रेघोटीत दहा दिवस तसा दिवा होता, आणि तो विझू न देण्याचं काम माझ्याकडे. दहा दिवस मी ती दक्षिणेकडे वळलेली वात बघत बसले होते. शिकलेली मुलगी होते, विजेच्या बल्बला वात नसते हे मला कळत होतं. पण छातीत धस्स झालं ते झालंच. "अण्णा, डोळ्यावर येतो उजेड," असं म्हणून मी दिवा उचलला आणि माझ्या उजव्या कोपराशी, अलीकडच्या कडेला आणून ठेवला. तोंड उत्तरेला. जीव थंड झाला. उजेड तिरपा हवा होता, तो तिरपाच होता. फक्त येत होता माझ्या बाजूने.

महिनाभर काम सुरळीत चाललं. मग तो काशू निघाला. तांब्याचं छोटं नाणं, एका बाजूला झिजून गेलेली उभी मूर्ती, दुसरी बाजू जवळपास सपाट, आणि तिच्या कडेला टिकलीएवढी एक खूण. जुन्या वहीत मालकांनी लिहिलं होतं की ही खूण खोलगट आहे, मागाहून कुणा राजाने ठोकलेला शिक्का आहे, आणि असं दुसरं नाणं त्यांना कुठे मिळालं नाही. सगळ्या संग्रहाचा तुरा म्हणजे तो काशू. मी भिंग घेतलं, वाकले, पुन्हा वाकले. खूण खोलगट नव्हती. चांगली फुगून वर आलेली होती.

आता यात काय एवढं, असं वाटेल. पण नाण्यावर मागाहून ठोकलेली खूण आत जाते, आणि साच्यात ओतलेल्या नकलेवर असे फोड वर येतात, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. वर आलेली टिकली म्हणजे ओतीव नक्कल. म्हणजे खरं नाणं कुणीतरी काढून घेतलं आणि जागी खोटं ठेवलं. मी ते सरांना सांगितलं, आणि कसं सांगितलं? अभिमानाने! मान वर करून! सर माझ्या टेबलाशी आले, माझ्या खुर्चीत बसले, माझ्या दिव्याखाली त्यांनी बराच वेळ पाहिलं. "यू आर राइट, मिस राव," ते म्हणाले. जुन्या वहीत वजन लिहायची पद्धत नव्हती, तेव्हा ताडायला दुसरं काही नव्हतं. सरांनी नाणं पाकिटात घातलं, लाखेने बंद केलं, तिजोरीत ठेवलं. मग हात पुढे करून वेलू अण्णाकडे किल्ल्या मागितल्या.

वेलू अण्णाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो ओरडला नाही की रडला नाही. म्हणाला, "सार, मी नाही घेतलं. कापूर पेटवा, मी तळहाताने विझवून सांगतो." आमच्याकडे, म्हणजे इथे तमिळ देशात, याहून मोठी शपथ नाही. सर म्हणाले, "इथे शास्त्र चालतं वेलू, शपथा नाही." आठ दिवसांनी ट्रस्टी येणार, तेव्हा चौकशी, आणि मग पोलीस. तोवर त्याने खोलीत पाऊल ठेवायचं नाही. तो बंगल्याच्या मागच्या खोलीत बायकोला घेऊन राहायचा, तीही खाली करायची तयारी ठेवावी, असं त्याला सांगितलं गेलं.

ते आठ दिवस! मी सकाळी मांबळमहून गाडीने चेटपेटला उतरायची, बंगल्याच्या फाटकातून आत जायची, आणि व्हरांड्यातल्या बाकावर वेलू अण्णा बसलेला असायचा. धुतलेली वेष्टी, म्हणजे इथलं पांढरं धोतर, कपाळावर विभूती, हात गुडघ्यांवर. मला बघून उभा राहायचा. मी नजर चुकवून आत पळायची. मनाला सांगायची, चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, मग हा रोज समोर का येऊन बसतो? लगेच दुसरं मन म्हणायचं, निर्ढावलेला असेल. बघा, किती पटकन माणसाला निर्ढावलेला ठरवता येतं! आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "डोळ्यांनी पाहिलंस की नाही?" म्हटलं, "पाहिलं. सरांनीही पाहिलं." "मग झालं," आत्या म्हणाली. झालं कसलं. दोन्ही वेळा मी अर्धं ताट टाकून उठत होते.

आता या वयात मी त्या मुलीकडे बघते तेव्हा मला तिचा राग येतो, आणि मग दयाही येते. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. जे दिसलं तेच सांगितलं. खोटं बोलणाऱ्याला निदान ठाऊक तरी असतं की आपण खोटं बोलतोय. ज्याला दिसलंय, त्याला कोण थांबवणार?

चौकशीच्या दिवशी सकाळी आईने मुगाच्या खिचडीचा पोंगल केला होता, मिरी आणि तुपाचा वास घरभर. भोगीच्या आधी भांडी चिंचेने घासून ठेवायचा आमचा नेम, म्हणून मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून पितळेच्या डब्याचं झाकण पुसत होते. त्यावर अप्पांचं नाव घातलेलं, भांडीवाला ठिपके ठोकून ठोकून घालतो तसं. पूर्वेचं दार माझ्या पाठीशी, ऊन माझ्या खांद्यावरून झाकणावर. मी सहज पाहिलं, तर ते ठिपके वर आलेले. मोहरीच्या दाण्यांसारखे, एकेक टपोरा. मला वाटलं चिंचेचा चोथा चिकटलाय. फडक्याने घासलं. जाईनात.

"अय्यो, कोठे लक्ष आहे गं तुझं?" आई चुलीकडून म्हणाली. "माझा सगळा उजेड अडवून बसलीस. सरक की पलीकडे!"

मी झाकण जमिनीवरच ठेवून उठले, पलीकडे जाऊन दाराकडे तोंड करून बसले, आणि पुन्हा पाहिलं. ठिपके खाली गेले होते. सगळे. सुईने टोचल्यासारखी भोकं. मी पुन्हा अलीकडे आले. वर. पलीकडे गेले. खाली. बोट फिरवलं, बोटाला दोन्ही वेळा खळगेच लागले. डोळ्याला उजेड समोरून येण्याची सवय असते. तो आपल्या बाजूने आला की सावल्या उलट्या पडतात, आणि डोळा खड्ड्याला उंचवटा समजतो. एवढंच. हे मला त्या क्षणी शब्दांत सांगता आलं नसतं.

"काय झालं गं?" आई जवळ आली.

"आई, वेलू अण्णाने चोरी केली नाही. मी केली. म्हणजे, मी चुकले. दिवा चुकला. मी दिव्याचं तोंड दक्षिणेला नको म्हणून..."

आईने खाली वाकून अप्पांच्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "सरी, बरं. मग जाऊन सांग."

"नोकरी जाईल."

"जाईल. त्याची तर आज जातेच आहे." तिने झाकण उचललं आणि माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जा. तुझ्या तोंडाने कळेल असं वाटत नाही मला."

आमच्या आईचं बोलणं असंच असायचं, गूळ लावून नाही. पण 'त्याची तर आज जातेच आहे' हे तिचं एकच वाक्य त्या दिवशी शेवटपर्यंत माझ्या पाठीशी उभं होतं, आणि ते लागणारही होतं. कारण गाडीत बसल्यावर माझ्या मनात दुसरीच भीती शिरली. झाकणाचं खरं, पण नाण्याचं काय? ते लाखबंद पाकिटात होतं, मला पुन्हा बघायला मिळणार नव्हतं. समजा, मी सगळ्यांसमोर उभी राहिले, दिवा फिरवला, आणि खूण तरीही वरच राहिली तर? मग हात दाखवून अवलक्षण. वेलू अण्णा खरोखर चोर ठरणार, आणि तोही माझ्याच हाताने, दोनदा. गप्प बसले तर कुणालाच काही कळणार नव्हतं. चेटपेटच्या अलीकडचं नुंगमबाक्कम स्टेशन येईपर्यंत मी गप्प बसायचं ठरवलं होतं, हे मी लपवत नाही.

व्हरांड्यात तो उभा राहिला. त्या दिवशी मी नजर चुकवली नाही, म्हणून दिसलं: आठ दिवसांत त्याच्या गालांची हाडं वर आली होती.

खोलीत दोन ट्रस्टी बसले होते. एक मालकांचे चिरंजीव, दुसरे एक निवृत्त न्यायाधीश, फार कमी बोलणारे. वेलू अण्णाला दाराशी उभं केलं होतं. सरांनी सगळी हकिगत सांगितली, जुनी वही उघडून दाखवली, माझी नोंद वाचली. न्यायाधीशांनी मला विचारलं, "ही नोंद तुमची? बरोबर आहे?"

म्हटलं, "माझी आहे. पण ती चुकली असेल. मला दिवा हलवू द्या."

सरांची मान झटकन वळली. चिरंजीव म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे?" मी झाकण टेबलावर दिव्याखाली ठेवलं, आणि डोळ्याला वर आलेले दिसणारे ठिपके बोटाला खळगे लागतात ते दाखवलं. न्यायाधीश म्हणाले, "हलवू द्या तिला." सरांनी लाख फोडली. काशू टेबलाच्या मधोमध ठेवला. चौघं वाकलो, माझ्याच बाजूने. दिवा होता तिथेच, माझ्या कोपराशी. टिकली वर आलेली, स्पष्ट.

मग मी दिवा उचलला. त्याला पलीकडच्या कडेला नेऊन दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचं होतं, बस्स. हातभर अंतर. आणि माझा हात तिथे जाईना. सांगायला लाज वाटते, दाराशी एक माणूस आयुष्याच्या निकालासाठी उभा होता, आणि मला आठवत होते अप्पा, पिठाची रेघोटी, आणि दहा दिवसांची वात. कोण जाणे किती वेळ गेला. सर म्हणाले, "मिस राव?" मी डोळे मिटले आणि दिवा टेकवला.

मी डोळे उघडायला भीत होते. मग मला न्यायाधीशांचा श्वास ऐकू आला, नाकातून सोडलेला, लांब.

टिकली खाली गेली होती. स्वच्छ खळगा, वाटीसारखा, कडेला ठोकल्याची धारसुद्धा दिसत होती. न्यायाधीशांनी माझ्याकडून दिवा तीनदा हलवून घेतला. वर, खाली, वर. शेवटी वरदन सरांनी, ज्यांनी वीस वर्षांत कुणाला नाण्याच्या तोंडाला बोट लावू दिलं नव्हतं, त्यांनी करंगळीचं टोक त्या खुणेवर टेकवलं. टेकवून ठेवलं. मग मालकांच्या वहीतली ओळ पुन्हा वाचली आणि वही मिटली.

त्यानंतर सगळे एकदम बोलायला लागले. चिरंजीव तर खूश! "काय डोकं आहे या मुलीचं!" न्यायाधीश म्हणाले, असा प्रामाणिकपणा दुर्मीळ. माझी नोकरी जायची राहिली, ती तिथल्या तिथे कायम झाली. चूक मी केली आणि बक्षीसही मलाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा. कॉफी मागवली गेली. सगळ्यांचे टंबलर अर्धे झाल्यावर सरांना आठवण झाली आणि त्यांनी खिशातून किल्ल्या काढून दाराकडे धरल्या. "घे वेलू. झालं ते झालं."

वेलू अण्णाने किल्ल्या घेतल्या, कमरेला लावल्या. मी त्याच्यापाशी गेले. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं नव्हतं, कारण इथवर येईन असं वाटलंच नव्हतं. "अण्णा, मला माफ करा," एवढंच म्हटलं आणि रडायला लागले.

"रडू नका, अम्मा," तो म्हणाला. "तुम्ही दिवा फिरवलात, चांगलं केलंत. त्या तुकड्याकडे तुम्ही आज सगळे किती वाकून बघत होता! मी आठ दिवस बाहेर बसलो होतो. माझ्याकडे असं कुणी एकदा बघितलं असतं, तरी दिसलं असतं." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता.

त्या संध्याकाळी ट्रे कपाटात गेले, कुलूप लागलं. मी पिशवी उचलली तर वेलू अण्णा माझ्या टेबलासमोर येऊन उभा. त्याने दिवा स्वतःकडे वळवला. सदऱ्याचा खिसा उलटा करून बाहेर काढला. वेष्टीची कनवटी सोडून झटकली. मग दोन्ही हात, बोटं फाकवून, उजेडात धरले. आधी तळवे, मग पालथे.

"हे काय अण्णा? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. बघून घ्या, अम्मा."

मी त्याला नको म्हटलं. ओरडले, विनवण्या केल्या, सरांकडून सांगवलं, एकदा तर त्याच्या पाया पडले. तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा येऊन उभा राहायचा. खिसा, कनवटी, तळवे, पालथे. अकरा वर्षं तो त्यानंतर त्या खोलीत होता. अकरा वर्षं रोज संध्याकाळी मला त्या हातांकडे बघावं लागलं, आणि तो म्हणेपर्यंत मान वळवता यायची नाही.

"नीट बघितलंत ना, अम्मा?"

"बघितलं, अण्णा."